संथाबाईंचा गळका कान

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसायचं म्हणजे रोज सकाळी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून शिव्या खायला जायचं. त्या खिडकीवर माणूस टिकत नसे. एकाला रक्तदाब जडला, एकाने बदलीसाठी साहेबांच्या घराचे उंबरे झिजवले, तिसरा तर एका तक्रारदाराच्या अंगावर खुर्ची घेऊन धावला. अशा जागी आमच्या बाई वर्षानुवर्षं बसल्या, आणि त्यांच्या कपाळाला कधी आठी म्हणून पडली नाही.

माणसं यायची, काचेवर बुक्क्या मारायची, आमचा आणि आमच्या पूर्वजांचा उद्धार करायची. बाई मान किंचित कलती करून, हसतमुखाने सगळं ऐकून घ्यायच्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणायच्या, "बरं. लिहून घेते." एवढ्या मऊ आवाजाशी भांडायचं तरी कसं? समोरचा दातओठ खात निघून जायचा. कचेरीत त्यांचं नावच पडलं, संथाबाई. साहेब नव्या पोरांना खिडकीपाशी उभं करून सांगायचे, "बघा. सहनशीलता ही अशी असते."

मी शेजारच्याच खिडकीवर बिलं घ्यायला, म्हणून बाई मला बिलभाऊ म्हणत. पण इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून बसलो तरी मला पत्ता लागला नाही. आमच्या सहनशील बाईंना ऐकूच येत नव्हतं.

ठार बहिऱ्या नव्हत्या त्या. पण बाळंतपणानंतर कान उतरत गेले, उजवा जास्त. कानाच्या पडद्यामागे तीन इवली हाडं असतात. त्यातलं सगळ्यात आतलं, तांदळाच्या कणीएवढं हाड गंजक्या बिजागरीसारखं जागीच घट्ट बसलं होतं. बाहेरचा आवाज आत पोचायचा नाही. स्वतःचा आवाज मात्र कवटीतून थेट आत जाऊन त्यांना मोठा वाटायचा, म्हणून त्या हळू बोलायच्या. आम्ही त्याला संस्कार म्हणायचो.

"पण मग तक्रार कळायची कशी?" मी पुढे एकदा विचारलं.

"त्यात कळायचं काय, भाऊ? माणूस लालबुंद असेल तर पाणी आलेलं नाही. गुडघ्यापर्यंत भिजलेला असेल तर पाइप फुटलाय. उरलेल्या सगळ्यांना बिल जास्त आलेलं असतं, त्यांना तुमच्याकडे पाठवायचं."

म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या शिव्या बाईंनी पाठवलेल्या होत्या.

घरीही याने कुणाचं काही अडत नव्हतं. बाईंचे यजमान शाळेत पर्यवेक्षक. वर्गात बोलायचं राहिलेलं सगळं ते घरी बोलत, आणि न थकता मान हलवणारी बायको त्यांना देवाने दिलेली देणगी वाटे. सासूबाई दिवसभर कोपऱ्यात बसून ओठ हलवत. बाईंची समजूत, आई देवाचं नाव घेतात. सगळं कसं सुरळीत. आडवी आली ती लेक. कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या, तळ करपून धूर झाला आणि आई शेजारी उभी राहून शांतपणे भाजी निवडत होती, हे तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती आईला कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

मोठे डॉक्टर म्हणजे खरोखरच मोठे. इमारत काचेची, फरशी अशी की स्वतःचं तोंड बघून भांग पाडावा. त्यांनी चित्र काढून, बाईंच्या कानाशी तोंड आणून समजावलं. अडकलेल्या हाडाचा वरचा भाग काढायचा, त्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं आणि त्यात बारीकसा दट्ट्या बसवायचा. आवाज आला की दट्ट्या हलणार, आतलं पाणी हलणार, आणि बाईंना ऐकू येणार.

"कानात पाणी असतं?" बाईंनी विचारलं. पाणीपुरवठ्यातली बाई, पाणी म्हटलं की कान टवकारणारच.

"आतल्या कानात असतं. काही थेंब. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची यंत्रणा त्यातच बुडलेली असते."

"आणि त्या भोकातून ते गळलं तर?"

डॉक्टर हसले. अजाण लेकराकडे बघून हसतात तसे. "इतरांच्या हातून गळतं कधी कधी. माझ्या नाही."

ऑपरेशन झालं, आणि खोटं कशाला बोलू, झकास झालं. कानातली पट्टी निघाली त्या दिवशी बाईंना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू आला. मग भिंतीवरचं घड्याळ. मग जेवताना यजमानांचं चावणं, जे त्यांना फारसं आवडलं नाही. आणि दुपारी सासूबाईंच्या कोपऱ्यातून देवाचं नाव: "हिच्या हाताला चव नाही ती नाहीच. माझ्या पोराचं नशीबच अळणी."

बाई ताटावरून उठल्या. "आई, इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही जप करता."

सासूबाई मुळीच ओशाळल्या नाहीत. "जपच करते. म्हणते, देवा, हिच्या हाताला चव दे."

कचेरीत तर हाहाकार उडाला. पहिल्याच सकाळी एक गृहस्थ काचेवर थाप मारून म्हणाले, "आंधळी-बहिरी भरलीत सगळी इथे!" नेहमीच्या सवयीने म्हणाले बिचारे. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बहिरी होते. आता नाही. आता परत म्हणा." गृहस्थ मागच्या मागे रांगेतून बाहेर पडले. दुपारपर्यंत बाई चौघांशी भांडल्या. संध्याकाळी डोळे पुसत मला म्हणाल्या, "भाऊ, ही माणसं रोज असं बोलायची? मला वाटायचं, बिचारी अडचणीत आहेत, कळवळून सांगतायत."

साहेब हवालदिल झाले. त्यातून त्यांनी वरिष्ठांना कळवून बाईंचा सहनशीलतेबद्दल सत्कार ठरवलेला. वरिष्ठ येणार, आता माघार कशी घ्यायची? सभागृहात खुर्च्या मांडल्या, बाईंच्या हातात पळीभर पाणी शिंपडलेला फुलांचा गुच्छ दिला आणि साहेब माइकपुढे उभे राहिले. साहेब बोलायला लागले की फक्त त्यांना ऐकू येतं, बाकी सगळे बहिरे होतात. नेमकी तेव्हाच बाईंच्या नाकात त्या फुलांचं काहीतरी गेलं. शिंक आली. साहेब ऐन रंगात, वरिष्ठ शेजारी. बाईंनी सभ्यपणे नाक चिमटीत धरलं, ओठ घट्ट मिटले आणि आख्खी शिंक आतल्या आत गिळली.

उजव्या कानात टप्पकन काहीतरी झालं. आणि व्यासपीठ हळूच एका बाजूला कलायला लागलं.

बाईंनी माइकची दांडी पकडली. डोळ्यांत पाणी, ओठ थरथरतायत. साहेब भारावून म्हणाले, "बघा, बाई गहिवरल्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटासरशी व्यासपीठ आणखी कललं आणि बाई गुच्छासकट वरिष्ठांच्या मांडीवर बसल्या.

तिथून बाईंची जी परवड सुरू झाली ती बरीचशी मी डोळ्यांनी पाहिली. चालताना भिंत धरायच्या. बादली उचलायला वाकल्या की जमीन फिरायची. शौचाला जोर केला की संडासाची भिंत अंगावर यायची. रस्त्यावर हॉर्न वाजला की पायाखालची फरशी एखाद्या होडीसारखी डुलायची. कानात सतत गुणगुण. आणि ऐकू येण्याचा तर काही भरवसाच नाही. सकाळी उठल्यावर बरं, संध्याकाळी कान विहिरीत पडल्यासारखा.

घरच्यांनी रोगाचं निदान तत्काळ केलं. यजमान म्हणाले, "तुला सोयीचं तेवढं ऐकू येतं." सासूबाई म्हणाल्या, "मी बोलते तेव्हा बरोब्बर कान लागतो हिचा. काम सांगितलं की लगेच चक्कर." कचेरीतलं निदान त्याहून पुढचं होतं. सकाळी सकाळी झोकांड्या खात, भिंतीला धरून येणारी बाई पाहून शिपायाने मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "बिलवाले, ऑपरेशननंतर दारूचं औषध देतात का हो?"

बाई मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या काही दिवस. काही दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मग म्हणाले, रक्तदाब असेल. रक्तदाब उत्तम निघाला. मग म्हणाले, मान. मानेच्या डॉक्टरांनी बाईंच्या गळ्यात रुंद पट्टा अडकवला. त्या पट्ट्यामुळे पायापुढचं दिसेना, आणि ज्या पायऱ्या आधी नुसत्या डुलत होत्या त्या आता दिसेनाशाही झाल्या. मानेच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं.

"भाऊ," बाई मला म्हणाल्या, "ही पद्धत ओळखीची वाटते का तुम्हाला?"

न वाटून कसं चालेल? आमच्याकडे गळतीची तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा सांगतो, वाट बघा. मग सांगतो, तुमची इमारत जुनी आहे. मग सांगतो, पाइप आमचा नाही, तुमच्या हद्दीतला आहे, तुमच्या नळवाल्याला दाखवा. बाईंनी स्वतः हजारोंना हेच सांगितलं होतं. आता त्या खिडकीच्या पलीकडे उभ्या होत्या.

एके दिवशी बाई कचेरीतच कोसळल्या. यजमान शाळेच्या तपासणीत, लेक परगावी, म्हणून मीच त्यांना त्या काचेच्या इमारतीत घेऊन गेलो. आत लांबलचक मार्गिका. तिच्या मधोमध भिंतीवर माणसाच्या उंचीचा फोटो, कानाला हात लावून हसणाऱ्या आमच्या बाई! खाली ठळक अक्षरांत: "आता मला सगळं ऐकू येतं!" पट्टी निघाली त्या दिवशी हौसेने काढून घेतला होता. बाईंना तिथेच भोवळ आली. धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या स्वतःच्याच फोटोच्या चौकटीला लटकल्या. स्वागतकक्षातली मुलगी धावत आली. मला वाटलं खुर्ची आणतेय.

"अय्या, त्या तुम्हीच ना? तशाच उभ्या राहा, एक फोटो घेते!"

मोठ्या डॉक्टरांनी कानात डोकावून बघितलं आणि शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. "या, बघा. पडदा कसा जुळलाय. याला म्हणतात हात." शिकाऊंनी आळीपाळीने बाईंच्या कानात डोकावून माना डोलावल्या.

"चक्कर येते, डॉक्टरसाहेब," बाई म्हणाल्या.

"ती कानाची नाही."

"ऐकायलाही कमी येतं."

"कसं शक्य आहे? तपासणी केली होती की आपण. उत्तम होती."

"ती शिंकेच्या आधीची. परत करता का?"

"शिंकेचा आणि याचा काय संबंध?" डॉक्टर माझ्याकडे वळले, जणू बाई तिथे नव्हत्याच. "यांना जरा कशात तरी रमवा. घरी ताणतणाव आहेत का?"

चकरेच्या गोळ्या देऊन आमची बोळवण झाली. गोळ्यांनी बाईंना झोप येऊ लागली. त्या आता झोपेत झोकांड्या खात.

सुटका झाली ती भलतीकडूनच. खिडकीवर एक वयस्कर बाई आल्या. पांढरे केस, खांद्याला पिशवी, आवाज असा की आमच्या टेबलावरचे कागद उडावेत. त्यांच्या दवाखान्याची भिंत कित्येक महिने ओल धरून होती आणि आमच्या खात्याने ती त्यांच्याच हद्दीत ढकलली होती. त्या काचेवर हात आपटून ओरडल्या, "माणसं आहात की दगड?"

आमच्या बाईंनी टेबलाची कड घट्ट पकडली. समोरच्या एकदम पुढे वाकल्या. काचेला नाक लावून बघत राहिल्या. मग पुन्हा ओरडल्या, "दगड!" आणि पुन्हा निरखून बघितलं.

"मी ओरडले की तुमचे डोळे का उडतात?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? समोरचं सगळं हलतं."

"कानाचं ऑपरेशन झालंय? आतल्या हाडाचं? त्यानंतर शिंक, खोकला, जड उचलणं, काही झालं होतं?"

बाईंनी साहेबांच्या भाषणाची आणि गिळलेल्या शिंकेची हकिकत सांगितली. त्या बाई कानाच्याच डॉक्टर निघाल्या. काच वगैरे नसलेल्या साध्या दवाखान्यातल्या.

"संध्याकाळी या माझ्याकडे. आणि तो गळ्यातला पट्टा काढा आधी, बैलासारख्या दिसताय." जाता जाता वळून म्हणाल्या, "भिंतीची तक्रार मागे घेतलेली नाही मी!"

संध्याकाळी यजमान सोबत गेले. पुढचं त्यांच्याकडूनच कळलं, त्यामुळे त्यातलं निम्मं भाषण मी गाळतो. डॉक्टरीणबाईंनी आधी नुसतं विचारलं. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, झोपून उठल्यावर बरं वाटतं का. यजमान उत्तर द्यायला लागले तेव्हा त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मग रबरी फुग्याचं तोंड बाईंच्या कानाला लावून फुगा हलकेच दाबला. बाईंना खोली गरगरताना दिसली आणि डोळे झटके देऊ लागले. मग ऐकण्याची तपासणी नव्याने केली, अगदी मुळापासून. तेव्हा कळलं की आधी अडचण नुसत्या हाडाची होती, आता आतली नसच मंदावली होती. मग बाईंना दुखरा कान वर करून अर्धा तास पडून राहायला सांगितलं आणि पुन्हा तपासलं, तर ऐकणं थोडं सुधारलेलं. दुसऱ्या दिवशी काढलेल्या कानाच्या स्कॅनमध्ये, जिथे फक्त पाणी असायला हवं तिथे दट्ट्याजवळ हवेचा बारीक बुडबुडा दिसला.

"दट्ट्याच्या कडेने आतलं पाणी झिरपतंय असं दिसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिंक दाबली तेव्हा तिचा जोर कानात गेला असणार. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, मग समोर कोणी का असेना. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाही. नक्की गळतीच आहे का ही?"

"नक्की उघडून बघितल्यावर कळेल. कधी कधी तेव्हाही नाही कळत, इतकं थोडं असतं ते."

यजमानांना हे उत्तर मुळीच रुचलं नाही. डॉक्टरला नक्की माहीत नाही म्हणजे काय? बाई मात्र घरी येताना रिक्षात रडल्या. त्यांना वेड लागलेलं नाही असं सांगणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

आधी विश्रांतीचा उपाय झाला. गळती लहान असेल तर आपोआप बुजते. डोकं उंच ठेवून पडायचं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, ओरडायचं नाही, आणि शौचाला जोर करायचा नाही, त्यासाठी रात्रीचं औषध. बाई उशांच्या ढिगावर पडून राहिल्या आणि घर चालवायला दोन तज्ज्ञ माणसं पुढे झाली. सासूबाईंनी स्वयंपाक हाती घेतला. अळणी नशिबाच्या त्यांच्या पोराने पहिला घास घेतला आणि आईकडे बघून मुकाट्याने पाणी प्यायलं. सुनेच्या पोटाची जबाबदारीही सासूबाईंनी अंगावर घेतली. रोज सकाळी त्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "सूनबाई, झाली का साफ?" सगळ्या इमारतीला बाईंच्या प्रकृतीची बित्तंबातमी राहू लागली.

आणि खरंच उतार पडला. चक्कर कमी झाली, गुणगुण मंदावली. आणखी थोडे दिवस गेले असते तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण स्वयंपाकाचा गॅस संपला. भरलेला सिलिंडर दाराशी आला. यजमानांनी त्याच्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्या कमरेचं तुला माहीतच आहे. आणि तुला तर आता बरंच बरं वाटतंय." सासूबाई उपाशी, लेक अजून परतलेली नाही. बाईंनी सिलिंडर ओढत आत नेला. चुलीपाशी पोचायच्या आत स्वयंपाकघर गरकन फिरलं आणि त्या सिलिंडरला मिठी मारूनच खाली बसल्या.

लेक आली, तिने बापाला आणि आजीला एकाच दमात जे ऐकवलं ते त्या दोघांच्या ठणठणीत कानांना बरेच दिवस पुरलं. ऑपरेशन ठरलं.

कान फक्त बधिर केला होता, बाई जाग्या. डॉक्टरीणबाईंनी पडदा उचलून दुर्बिणीतून बघितलं. दट्ट्या किंचित कललेला, त्याच्याभोवती एका बाजूला काहीच आच्छादन नाही. कापसाने ती जागा टिपली. थांबल्या. जागा पुन्हा ओली झाली. पुन्हा टिपली, पुन्हा थांबल्या, पुन्हा ओली.

"सापडली का?" बाईंनी विचारलं.

"सापडली. आता बोलू नका, डोकं हलतं."

कानाच्या पाळीतून चरबीचा कण काढून त्यांनी भोवताली ठासून बसवला, वरून कानावरच्या त्वचेखालचं पातळ आवरण ठिगळासारखं लावलं, दट्ट्या सरळ केला. एवढंच. जे काम त्या शिंकेनंतर लगेच होऊ शकलं असतं ते ऋतू पालटल्यावर झालं.

चक्कर गेली. पहिले काही दिवस पावलं अडखळली, मग बाई भिंत सोडून चालू लागल्या. ऐकणं मात्र अर्धंच परत आलं. बारीक, उंच आवाज कायमचे गेले. फोनची किणकिण नाही, चिमण्या नाहीत, बोलण्यातले 'स' आणि 'श' विरलेले.

"लवकर आले असते तर वाचलं असतं?" त्यांनी विचारलं.

"कदाचित. छातीठोक नाही सांगता येत. पण लवकर आलेलं चांगलंच असतं." डॉक्टरीणबाईंनी त्यांना मशीन लावून दिलं. आता अडचण नसेत असल्यामुळे स्वतःचा आवाजही पूर्वीसारखा मोठा ऐकू येईना, आणि आमच्या मऊ बोलणाऱ्या बाई खणखणीत बोलू लागल्या.

त्या खणखणीत आवाजानिशी त्या एका सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. हौस म्हणून मीही गेलो. डॉक्टरांनी कागद चाळले. "हं. असं शंभरातल्या एखाद्याला होतंच. मी आधीच सांगितलं होतं."

"तुम्ही म्हणाला होतात, माझ्या हातून होत नाही."

"ते एकूणात."

"मग मी चक्कर घेऊन आले तेव्हा त्या शंभरातली एक मी असेन असं का नाही वाटलं?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. बाई उठल्या. बाहेर रुग्णांनी भरलेल्या बाकांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भिंतीवरच्या फोटोतली मी. नीट ऐकून घ्या. ऑपरेशननंतर शिंक दाबू नका. चक्कर आली, ऐकणं घटलं, तर त्याच दिवशी या आणि ऐकण्याची तपासणी पुन्हा करा म्हणून हटून बसा. मानेचा पट्टा दिला तर घेऊ नका." एका आजोबांनी तर बायकोला ते लिहून घ्यायला लावलं. पहारेकरी धावत आला. "बाई, इथे बोलायला बंदी आहे. चला बाहेर." बाईंनी कानामागे हात नेला. "काय म्हणता? मला नीट ऐकू येत नाही हो." आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

फोटो दुसऱ्या दिवशी उतरला. त्या जागी आता मोठ्या डॉक्टरांचा स्वतःचा आहे.

बाई खिडकीवर परत आल्या, पण जुन्या बाई परतल्या नाहीत. आता त्या तक्रार पुरती समजून घेत, आणि कळेपर्यंत उलटसुलट प्रश्न विचारून समोरच्याला रडकुंडीला आणत. शिवी दिली तर सव्याज परत देत. 'तुमच्या हद्दीत' हे दोन शब्द उच्चारायला त्यांनी साफ नकार दिला. खात्याच्या नळवाल्याला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं, रस्ता खणायला लावला, आणि पाइप आमचाच निघाला. मग दुसऱ्यांच्या तक्रारीतलाही. मग तिसऱ्यांच्याही. महिनाअखेरीस वरिष्ठांनी साहेबांना फैलावर घेतलं: तुमच्या विभागात एकाएकी एवढी गळती कशी वाढली? गळती तीच होती, पूर्वी तिची दखल कोणी घेत नव्हतं, हे साहेब सांगणार कसे? त्यांनी बाईंच्या प्रकृतीची काळजी म्हणून त्यांची बदली उद्यान विभागात केली. मोकळी हवा, झाडं, ना कुणी भांडायला ना ओरडायला.

परवा बाई मला त्या बागेत भेटल्या. मोडक्या बाकाच्या पायाशी उकिडव्या बसून काहीतरी खरवडून बघत होत्या. मला घाबरायलाच झालं, पण त्या सहज उठून उभ्या राहिल्या, झोक गेला नाही.

"कसं चाललंय, बाई?"

"बरंय की, भाऊ! सगळी बाकं नवीन आणि सगळी आतून पोकळ. लेखी कळवलंय वर. कोणी पुरवलीत माहितीये? आपल्या साहेबांच्या मेव्हण्याने!"

बागेत चार माणसं होती. चौघांनीही माना वळवल्या. मी इकडेतिकडे बघितलं. "बाई, जरा हळू बोला."

"कशाला?" असं म्हणून त्यांनी मेव्हण्याचं उरलेलं सगळं रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही कळेल अशा आवाजात सांगितलं.